आनंदीबाईचं डोकं दुखलं तेव्हा

नदी दोन दिवस खाचरांत बसून राहिली आणि मग उतरली. उतरताना लावलेलं भात घेऊन गेली. जे राहिलं ते गाळाखाली दबून पिवळं पडलं होतं, नुसता हात लावला तरी मुळासकट वर यायचं. बांध जागोजागी फुटले होते. कोपऱ्यांत फुगलेले उंदीर, कुणाच्या तरी गोठ्यातला कुजका पेंढा, वाहून आलेली एक चप्पल. वास असा सुटला होता की मालोजीने खांद्यावरचा टॉवेल नाकाला लावला. आनंदीबाईने काही लावलं नाही. तिने कासोटा वर ओढला आणि गाळ किती जाड आहे ते बघायला सरळ खाचरात उतरली. पाय गुडघ्याच्या जरा खालपर्यंत गेला.

"माती बरी हाय," ती म्हणाली. "गाळ वरच्या वरच हाय. परत लावता येल."

तांबडकोंड पोलादपूरच्या अलीकडे, सावित्रीच्या काठाला. मालोजीची स्वतःची जमीन वर डोंगराला होती, नाचणी-वरीपुरती. घरात वर्षभर जो भात शिजायचा तो या नदीकाठच्या पाच खाचरांतला. खाचरं मोहल्ल्यातल्या अजमलची. अजमल बरीच वर्षं कुवेतला होता, इकडचं सगळं त्याची बायको जहांआरा बघायची. मालोजी अर्धेलीने कसायचा. निम्मं भात त्यांच्या ओटीवर, निम्मं आपल्या. त्याच्या बापानेही हीच खाचरं कसली होती.

जहांआरा छत्री घेऊन बांधापर्यंत आली. चिखलात उतरली नाही. तिने सगळीकडे नजर फिरवली आणि तिला जे सांगायचं होतं ते सांगितलं. अजमलचा फोन येत होता. एकाच माणसाकडे किती वर्षं जमीन ठेवायची, पुढे कुळाच्या भानगडी होतात, असं त्याला तिकडे कुणीतरी सांगत होतं. पलीकडच्या वाडीतला मुरारी खाचरं मागत होता. त्याच्याकडे नवा टिलर होता, लावणीच्या बायांची टोळी होती.

"नागपंचमीच्या आत लावून झालं तर झालं, मालोजीभाऊ," ती म्हणाली. "त्याच्यापुढे लावलेलं भात पोचट राहील. मग मला मुरारीला द्यायला लागेल."

नागपंचमीला जमिनीत हात घालत नाहीत, आणि ती फार लांब नव्हती. मालोजी तोंड उघडणार तोच आनंदीबाई खाचरातून म्हणाली, "लावू."

सून प्रियदर्शिनी बांधावर उभी राहून हे ऐकत होती. ती महाडात वाढलेली, लग्नाआधी कधी चिखलात पाय न घातलेली. तिचा नवरा विनीत आंबेनळी घाटात दरडी काढायच्या कामावर, पोकलॅनवर. पावसाळा म्हणजे त्याचा ऐन हंगाम. घाट बंद पडला की तो आठवडाआठवडा घरी येत नसे. त्यामुळे लावणीला माणसं तीनच होती, मालोजी, आनंदीबाई आणि ती. वाडीतल्या दोनचार बाया यायच्या, पण त्यांच्याही खाचरांची तीच गत झालेली. आज ह्यांच्याकडे, उद्या त्यांच्याकडे असं चालायचं.

मालोजीने फुटके बांध घातले, आपल्या जुन्या टिलरने चिखल करायला घेतला, पण रोपं कमी पडली. वर डोंगराला राबात, रोपं वाढवायच्या तुकड्यात, थोडी उरली होती ती मालोजीने उपटून खाली आणली, उरलेली दुसऱ्याकडून मागून आणली. सकाळी उजाडलं की तिघं खाली उतरत, पाठीवर प्लॅस्टिकची खोळ, कंबरेत वाकलेली. आनंदीबाई ओळीच्या टोकाला असायची. तिच्या हाताला वेग होता. मुठीतून तीनतीन काड्या सुटायच्या आणि चिखलात उभ्या राहायच्या. मागे वळून बघायची तिला गरज पडत नसे. प्रियदर्शिनी तिच्यामागे चारपाच हात पडलेली असायची. सगळ्यांच्या पायांना चिखल्या झाल्या होत्या. बोटांच्या बेचक्यांतली कातडी पांढरी होऊन फाटली होती, संध्याकाळी करंजेल लावताना तिघंही पाय आखडून घेत.

पूर उतरल्यावर गावची आशा सेविका सारिका घरोघर गोळ्या वाटून गेली होती. पुराच्या पाण्यात काम करणाऱ्यांनी आठवड्याला घ्यायच्या, जेवण झाल्यावर. प्रियदर्शिनीने आणि मालोजीने घेतल्या. आनंदीबाईनेही पहिल्यांदा घेतली, पण ती सकाळी कोऱ्या चहावरच खाली उतरायची आणि गोळीने तिला बांधावरच मळमळलं. उलटी होईल त्या भीतीने अर्धा दिवस तिचा हात मागे पडला. मग तिने गोळ्या घेतल्याच नाहीत. वाकून काम करायचं आणि पोटात ढवळायचं, ते कुणाला परवडणार, असं ती म्हणाली.

प्रियदर्शिनीचं डोकं दुखायचं. लग्नाआधीपासून. महिन्यातून एकदा अर्धं डोकं धरायचं, उजेड सहन व्हायचा नाही, मग ती काळोख्या खोलीत तोंड भिंतीकडे करून निजायची. आनंदीबाईला हे दुखणं कधी पटलं नाही. ताप नाही, सूज नाही, रक्त नाही. बाहेरून काहीच दिसत नाही, आणि नेमकं कामाच्या दिवशी येतं. मे महिन्यात वाडीत लग्न होतं, भाकऱ्या थापायला सगळ्या बाया ह्यांच्याच पडवीत जमलेल्या. त्या दिवशी प्रियदर्शिनी उठू शकली नाही. कुणीतरी विचारलं, सूनबाय कुठे. आनंदीबाई पीठ मळता मळता म्हणाली, "तिचं डोकं आज सुट्टीवर गेलंय." बाया हसल्या. भिंतीपलीकडे प्रियदर्शिनीला ते ऐकू आलं होतं. ती विनीतकडे कधी बोलली नाही, पण विसरलीही नाही.

आनंदीबाईचं डोकं दुखायला लागलं ते दुसऱ्या खाचराची लावणी निम्मी झाली तेव्हा. सकाळी ती बरी होती. ऊन नव्हतं, पाऊस बारीक होता. वाकलेली असताना एकदम डोळ्यांच्या मागे काहीतरी भरल्यासारखं झालं आणि मग कपाळात पहार घातल्यासारखी कळ आली. ती ताठ उभी राहिली. उभी राहिल्यावर जास्त दुखलं म्हणून परत वाकली. वाकल्यावर त्याहून जास्त. तिने पदराच्या आतला फडका काढला, कपाळाला करकचून बांधला आणि लावत राहिली. दुपारी भाकरी सोडली तेव्हा तिने चतकोरही खाल्ली नाही. बांधाच्या पलीकडे जाऊन उलटी केली, तोंड धुतलं, परत आली. संध्याकाळी थंडी वाजून ताप भरला. तिने चुलीपुढे बसून सुंठ उगाळली आणि कपाळाला लेप दिला.

पोटऱ्यांचं दुखणं दुसऱ्या दिवशी सुरू झालं. कुणी पिळे घालतंय असं. घरापासून खाली खाचरांपर्यंत दगडी पायवाट होती, ती उतरताना ती खेकड्यासारखी आडवी होऊन, हात टेकत उतरली. मालोजी पुढे रोपांचा भारा घेऊन चालला होता. त्याने मागे वळून पाहिलं. बायकोच्या कपाळाचा फडका पाहिला, तिचं उतरणं पाहिलं. काही विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने काय ते सांगितलं असतं, आणि मग ऐकावं लागलं असतं. तो पुढे चालू लागला. खाली पोचल्यावर नुसतं एवढं म्हणाला की लावणी उरकली की सगळी सवला जाऊ, गरम पाण्याच्या कुंडात बसलं की पोटऱ्या मोकळ्या होतील.

प्रियदर्शिनीने मात्र डोळे पाहिले. सासूचे डोळे लाल झाले होते, पण डोळे आल्यावर होतात तसे नव्हेत. चिपडं नाहीत, पाणी नाही, नुसतं पांढऱ्यावर लाल पसरलेलं. आणि घरात दिवा लावला की सासू तोंड भिंतीकडे फिरवत होती. ते फिरवणं तिच्या ओळखीचं होतं.

"आई, डोकं दुखतंय का?" तिने विचारलं.

आनंदीबाई भिंतीकडे बघतच म्हणाली, "डोकी तुमच्या शहरातल्यांची दुखतात. मला जरा कणकण हाय."

प्रियदर्शिनीने हातातलं ताट खाली ठेवलं. तिच्या मनात जे आलं ते चांगलं नव्हतं. आता कळू दे, असं आलं. ते लगेच गेलंही, पण त्यानंतर तिने परत विचारलं नाही.

तिसऱ्या की चौथ्या सकाळी सारिका परत आली. डोक्यावर रेनकोटाची टोपी, हातात पिशवी. वरच्या वाडीत कुणीतरी तापाने दवाखान्यात दाखल झालं होतं, म्हणून तिला घरोघर जाऊन विचारायला सांगितलं होतं. ती पडवीच्या पायरीशी उभी राहिली आणि घरात कुणाला ताप, डोकेदुखी, अंगदुखी आहे का म्हणून विचारलं. असलं तर रक्त तपासायला लागेल, आणि खाचरात उतरायचं नाही.

आनंदीबाई तेव्हा आतल्या काळोखात बसून पायाला तेल लावत होती. तिथूनच तिने सांगितलं, "नाय गो. सगळी बरी हाव." आवाज नेहमीसारखा काढायला तिला किती जोर लावावा लागला ते चुलीपाशी उभ्या असलेल्या प्रियदर्शिनीला दिसलं. सारिकाने तिच्याकडेही पाहिलं. प्रियदर्शिनी चहाचं आधण बघत राहिली. आपण बोललो तर सासू काय म्हणेल, वाडीत काय सांगेल, ते तिला आधीच ऐकू येत होतं. सारिका आणखी थोड्या गोळ्या ठेवून पुढच्या घरी गेली.

त्याच दुपारी मालोजी जहांआराकडे गेला. आनंदीबाईचा हात निम्म्यावर आला होता आणि तीन खाचरं अजून बाकी होती, हे त्याला कळत होतं. पायाला चिखल होता म्हणून तो फाटकाच्या आत गेला नाही. जहांआराने बाहेर येऊन चहाला बोलावलं, तो नको म्हणाला. चार दिवस जास्त मिळाले तर बरं होईल, असं त्याने सांगितलं. ती म्हणाली, का, एवढं काय अडलं? बायको आजारी आहे हे त्याच्या जिभेवर आलं होतं. पण बायको आजारी म्हणजे लावणीला माणूस नाही, माणूस नाही म्हणजे मुरारी. त्याने सांगितलं, टिलर मोडला, सुटा भाग महाडहून यायचाय.

जहांआरा म्हणाली की यंत्र मोडलं ते तिला समजतं, पण मुरारीला तिने थांबवून ठेवलंय आणि अजमल रोज विचारतो. "टिलर काय, पुतण्याला, फुरकानला सांगून मुरारीचा आणून देते एक दिवस. पण तारीख नको मागू, भाऊ."

मुरारीचा टिलर आपल्या खाचरात येणं मालोजीला नको होतं. तो म्हणाला, राहू दे, करतो काहीतरी. आणि परत आला. घरी कुणाला काही सांगितलं नाही.

दुसऱ्या सकाळी आनंदीबाईला उठता येईना. ती अंथरुणावर हात टेकून बसायची आणि परत कलंडायची. पाणी पोटात ठरत नव्हतं. वाडीतली एक म्हातारी मीठ-मोहरीने तिची दृष्ट काढून गेली. मालोजी पडवीत उभा होता. तो आत आला आणि एवढंच म्हणाला, "चल, पोलादपूरला."

बाजारातल्या डॉक्टरकडे बाकं भरलेली होती. पुरानंतर सगळा तालुकाच तापला होता. डॉक्टरने तिची नाडी पाहिली, डोळे पाहिले, इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या आणि मालोजीला बजावलं की उद्या ताप असला तर थांबायचं नाही, रक्त तपासायचं. पुराच्या पाण्यातला ताप असू शकतो. मालोजीने मान हलवली. परतताना रिक्षात आनंदीबाईने डोकं लोखंडी दांडीला टेकवलं होतं, आणि प्रत्येक खड्ड्याला तिच्या तोंडातून बारीक आवाज यायचा. तो आवाज त्याने तिच्या बाळंतपणातही ऐकला नव्हता.

आणि दुसऱ्या दिवशी ताप नव्हता.

डोकंही थांबलं होतं. आनंदीबाई उजाडायच्या वेळी उठून बसली, तिने स्वतः चूल पेटवली. पेजेचं पाणी प्याली आणि ते पोटात राहिलं. तोंडावर आठवड्यात पहिल्यांदा जरा सुटल्यासारखं दिसत होतं. मालोजीने देवापुढे हात जोडले. रक्त तपासायचं राहिलं. ताप असला तर, असं डॉक्टर म्हणाला होता, आणि ताप तर गेला होता. आनंदीबाईने कासोटा घातला. प्रियदर्शिनी म्हणाली की आजचा दिवस पडून राहिलात तर चालेल, मी करते. सासू तिच्याकडे बघून हसली. कुचकट हसणं नव्हतं ते. "तुझ्या हाताने लावलं तर दिवाळी येल," ती म्हणाली, आणि इरलं घेऊन बाहेर पडली. तिला खोळीपेक्षा जुनं बांबूचं इरलंच पसंत होतं, वाकलेल्या पाठीला त्यात वारा लागत नाही म्हणायची.

पुढचे दोन दिवस ती खाचरात होती. वाडीतल्या बाया आल्या, मालोजी रोपं पुरवत राहिला, आणि लावणी पुढे सरकली. पाऊस सरळ पडत होता. आनंदीबाई पूर्वीसारखी टोकाला नव्हती, मधल्या ओळीत होती, पण थांबत नव्हती. फक्त कंबर सोडवायला उभी राहिली की कोपरं गुडघ्यांवर ठेवायची आणि तोंडाने श्वास घ्यायची. सबंध दिवसात तिला लघवीला जावं लागलं नाही. एरवी उघड्या माळावर आडोसा शोधणं म्हणजे बायांना मोठी कटकट; तिला वाटलं, बरंच झालं.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी, दुपार कलताना, शेवटच्या खाचराचा शेवटचा कोपरा भरला. हातात एक मूठ उरली ती मालोजीने पाण्यात टाकून दिली. बाया पाय धुवायला ओहोळाकडे गेल्या. आनंदीबाई बांधावर बसली. प्रियदर्शिनी तिच्या पाठीवरचं इरलं काढायला आली तेव्हा सासूने मान वर केली, आणि प्रियदर्शिनीला दिसलं की डोळ्यांतला लाल रंग हळदीसारखा झालाय. तळहातही पिवळे. आनंदीबाई खाकरली आणि बाजूला थुंकली. थुंकीत रक्त होतं. पावसाने ते लगेच नेलं.

"बाबा," प्रियदर्शिनी मोठ्याने म्हणाली, "गाडी बघा."

जहांआराचा पुतण्या फुरकान पिकअप चालवायचा. तो चिऱ्यांची खेप तशीच रस्त्यावर उतरवून आला. मागे ताडपत्रीखाली गोणपाट घातलं, त्यावर आनंदीबाईला निजवलं, डोकं प्रियदर्शिनीच्या मांडीवर. तिच्या अंगावरचा चिखल अजून ओला होता. फुरकान महाडपर्यंत हॉर्नवरचा हात न काढता गेला. महाडला डॉक्टरने पिवळे डोळे पाहिले, पोटऱ्या दाबून पाहिल्या. ती त्या गुंगीतही कळवळली. त्याने पहिलं विचारलं की लघवी कधी झाली होती. मालोजीला माहीत नव्हतं. प्रियदर्शिनीलाही माहीत नव्हतं. मग विचारलं की सुरुवात कशाने झाली.

मालोजी म्हणाला, "तापानं."

"डोकं दुखलं आधी," प्रियदर्शिनी म्हणाली. "खूप. आठवडा झाला असेल. मधे थांबलं होतं."

डॉक्टरने लिहिता लिहिता मान हलवली. उंदरांमुळे पुराच्या पाण्यातून येणाऱ्या या तापाचं असंच असतं, तो म्हणाला, मधे बरं वाटतं, पण ते बरं होणं नसतं. मूत्रपिंडं काम करत नव्हती, फुप्फुसांत रक्त उतरत होतं. डायलिसिस लागणार, श्वासाचं यंत्र लागणार. मुंबईच्या बाजूला मोठ्या इस्पितळात हलवायला हवं, आत्ता. विनीतला फोन लागला तेव्हा तो घाटात होता, मागेपुढे दोन्हीकडे दरड. तो म्हणाला, चालत उतरतो, पण येतो.

ॲम्ब्युलन्समध्ये एकालाच आत बसता येणार होतं. मालोजीने सुनेला बसवलं. तो पुढे ड्रायव्हरशेजारी बसला. हायवेवर जागोजागी खोदलेलं होतं, गाडी उजवीकडे डावीकडे होत चालली होती. आनंदीबाईच्या नाकातोंडावर प्राणवायूचा मास्क. बराच वेळ तिने डोळे उघडले नाहीत. लोणेरे मागे पडल्यावर उघडले. सुनेकडे पाहिलं आणि काहीतरी बोलली. प्रियदर्शिनीला ऐकू आलं नाही म्हणून ती वाकली, कान तोंडापाशी नेला.

"तुझं असंच दुखायचं का गो?"

प्रियदर्शिनीने सासूच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ थंड होतं आणि फडक्याचा वळ अजून दिसत होता.

"नाही, आई," ती म्हणाली. "इतकं नाही दुखायचं."

आनंदीबाईने तिच्या उत्तरावर विश्वास ठेवला की नाही ते कळलं नाही. ती बघत राहिली. मग तिला खोकला आला, मास्कच्या आत रक्त दिसलं, आणि ॲम्ब्युलन्सवरच्या माणसाने प्रियदर्शिनीला बाजूला सरायला सांगून छाती दाबायला सुरुवात केली. माणगावच्या वाहतुकीत गाडी अडकली होती तेव्हा त्याने छाती दाबायचं थांबवलं. पुढे बसलेल्या मालोजीला अजून काही माहीत नव्हतं. तो खिडकीतून हात बाहेर काढून पुढच्या गाड्यांना बाजूला व्हायला सांगत होता.

नागपंचमीच्या दिवशी तिला नेलं. विनीत सकाळी पोचला, अर्धा घाट चालत उतरून. पावसामुळे चितेवर पत्रे धरावे लागले. दुसऱ्या दिवसापासून आरोग्य खात्याची माणसं वाडीत आली, खाचरातलं पाणी बाटल्यांत भरून नेलं, सगळ्यांचं रक्त घेतलं, बांधांवर उंदरांची बिळं शोधली. वरच्या वाडीतल्या माणसासारखी आणखी दोघं दवाखान्यात गेली, ती बरी होऊन परत आली. लोक म्हणायचे, ती वेळेवर दवाखान्यात गेली म्हणून वाचली. हे मालोजीच्या घरासमोरून जाताना हळू आवाजात म्हणायचे.

विनीत तेरावं झाल्यावर परत कामावर गेला. घाट उघडायचा होता.

त्यानंतर एका दुपारी जहांआरा आली. प्रेत घरात होतं तेव्हा ती येऊन अंगणात उभी राहून गेली होती, पण बोलणं झालं नव्हतं. प्रियदर्शिनीने पडवीत खुर्ची टाकली. जहांआरा बसली, ओढणीच्या टोकाने चष्मा पुसला. थोडा वेळ आनंदीबाईबद्दल बोलली. लग्न होऊन नवी आली तेव्हा तिला विहिरीचं पाणी काढायला आनंदीनेच शिकवलं होतं म्हणाली. मग म्हणाली की तिने अजमलशी बोलून घेतलंय. खाचरं मालोजीभाऊंकडेच राहतील. जोवर ते करतील तोवर. मुरारीला तिने नाही म्हणून कळवलं.

मालोजी आत उंबऱ्यापाशी बसलेला होता. त्याने मान वर केली.

"भाबी, हे त्या दिवशी बोलला असता तर ती घरी निजून राह्यली असती."

जहांआराने चष्मा घातला, त्याच्याकडे नीट पाहिलं. आवाजात राग नव्हता.

"आनंदी आजारी हाय हे मला कुणी सांगितलं असतं, तर नागपंचमी काय, जमीन पडीक राहिली असती तरी मी बोलले नसते. मला सांगितलं टिलर मोडला."

प्रियदर्शिनीने सासऱ्याकडे पाहिलं. टिलर मोडला नव्हता हे तिला माहीत होतं. मालोजीची नजर जमिनीवर होती. जहांआराला जे समजायचं ते समजलं. ती उठली, प्रियदर्शिनीच्या खांद्यावर हात ठेवला, छत्री उघडली आणि पायवाटेने निघून गेली.

पाऊस थोडा कमी झाला होता. खालच्या खाचरांतलं भात इथून दिसत होतं. ते लागलं होतं, पिवळट रंग जाऊन हिरवं झालं होतं, आणि आता तण बेणायला माणूस हवं होतं. दोघंही तिकडे बघत नव्हती. मालोजी म्हणाला, "तुला कळलं होतं ना गो? तुझं नेहमी दुखतं. तुला कळलं असणार."

प्रियदर्शिनीला वाटलं, नाही म्हणावं. कुणाला काय कळणार होतं.

"कळलं होतं," ती म्हणाली. "एकदा विचारलं त्यांना. त्या उलट बोलल्या. मग मी परत नाही विचारलं. सारिकाताई दारात आल्या होत्या, तेव्हाही गप्प बसले."

ती खाली मान घालून वाट बघत राहिली. सासरा काय बोलेल ते ऐकायची तिची तयारी होती. बोलला असता तर बरंच वाटलं असतं.

मालोजीने दोन्ही हातांनी गुडघे धरले होते. नखांत अजून लावणीचा काळा चिखल होता.

"तू एकदा तरी इचारलंस," तो म्हणाला. "मी एकदापण नाय."